खटावकरांनी गाव पाहिलं

“पोहे मुलीनंच केलेत का?” अप्पासाहेब खटावकरांनी बशी खाली ठेवत विचारलं.

“हो हो, तिनंच,” अण्णा म्हणाले.

पोहे आईनं केले होते. दर वेळी आईच करायची आणि दर वेळी अण्णा असंच घाईघाईनं ‘हो हो’ म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. टेलिफोन खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले, उभ्या जन्मात कुणाला फसवलं नाही असा माणूस. माझ्या लग्नापायी त्यांना म्हातारपणी खोटं बोलायला शिकावं लागलं, आणि ते त्यांना काही केल्या नीट जमत नव्हतं.

मी सतरंजीवर खाली मान घालून बसले होते. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी तिशीला टेकले होते. मला बघायला इतके लोक येऊन गेले होते, की कोणत्या प्रश्नानंतर कोणता प्रश्न येतो हे मला तोंडपाठ झालं होतं. स्वयंपाकानंतर शिवणकाम, शिवणकामानंतर गाणं, मग ‘जरा चालून दाखव बाळ’. चालून दाखवायचाही कंटाळा आला होता हो. पाय आहेत, चालतात, एवढं काय त्यात बघायचं?

खटावकर साताऱ्याचे. अप्पासाहेब कोर्टात नाझर होते, आवाज अजून कोर्टातलाच. मुलगा शिरीष कारखान्यात हिशेबनीस होता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला होता, जणू माझ्यापेक्षा एकादशी कधी आहे याचीच त्याला काळजी. आणि त्याची आई मनोरमाबाई. डोक्यावर पदर, पायात रबरी तळव्यांची मळकी चप्पल. ती चप्पल दारात काढून ठेवलेली मी पाहिली तेव्हा मला जरा नवल वाटलं होतं. मुलगी बघायला येताना बायका ठेवणीतली चप्पल घालतात.

“नोकरी कसली करते म्हणालात?” अप्पासाहेबांनी विचारलं.

“गाईड आहे,” अण्णा म्हणाले. “सरकारी परवाना आहे. वेरूळ, अजिंठा, इथला मकबरा, पाणचक्की, सगळं दाखवते. जपानीसुद्धा बोलते थोडं.”

“म्हणजे परक्या पुरुषांबरोबर हिंडते म्हणा की.”

अण्णांचा चेहरा उतरला. आई आतल्या दारात उभी होती, ती तिथूनच मागे सरकली. मी मनात म्हटलं, झालं, उठा आता, आठ दिवसांनी ‘पत्रिका जुळत नाही’ असं कार्ड टाका, म्हणजे सगळेच मोकळे.

तेवढ्यात मनोरमाबाई पहिल्यांदा बोलल्या. “या गावाला बावन्न दरवाजे आहेत म्हणतात, ते खरं का गं?”

“म्हणतात तसं,” मी म्हणाले. “मोठे थोडेच, बाकीच्या खिडक्या म्हणजे लहान दारं. पण बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे, म्हणजे पेठा, असं म्हणायची रीत आहे.”

“दिसतात अजून?”

“बरेच दिसतात.”

त्या नवऱ्याकडे वळल्या. “मी काय म्हणते, घरात मान खाली घालून सगळ्याच मुली बसतात. मुलीचं बोलणंचालणं बाहेर कळतं. तिला म्हणावं, आम्हाला गाव दाखव. शिरीष येईल बरोबर. तुम्ही पडा जरा, प्रवासानं शिणला असाल.”

अप्पासाहेबांनी विचार केला. बायकोचं म्हणणं त्यांना पटलं असावं, कारण त्यात मुलीची परीक्षा होती. “संध्याकाळच्या आत या,” ते म्हणाले.

मी आत चपला शोधायला गेले तर अण्णा मागोमाग आले. हळू आवाजात म्हणाले, “वैजू, या वेळी तोंड आवर. जालन्याची माणसं रोहिणीसाठी दिवाळीपर्यंतच थांबतील. थोरलीचं आधी होऊ द्या म्हणतात. त्यांचं तरी काय चुकलं?”

रोहिणी माझी धाकटी बहीण. तिला पहिल्याच ठिकाणी पसंत केलं होतं, आणि माझ्यामुळे तिचं अडलं होतं. ती बिचारी कधी बोलून दाखवायची नाही, पण मी घरात आले की जालन्याचं पत्र वाचायची थांबायची. मी अण्णांना म्हणाले, “आवरते.” आणि मनापासून ठरवलं होतं मी. होकार आला तर आपण काही बोलायचं नाही, कसंही असो. दमले होते मी.

रिक्षात आम्ही तिघं बसलो, शिरीष कडेला, मधे मनोरमाबाई. गाईडचं काम फार वर्षं केलं की गावही पोह्यांसारखं होतं. त्याच पायरीवर तेच वाक्य, तोच विनोद, आणि लोक त्याच ठिकाणी हसतात. मकबऱ्यापुढे उभं राहून ‘ही ताजमहालाची नक्कल का?’ हे विचारलं नाही असा माणूस मला भेटायचा होता. म्हणून मी त्यांना आधी भडकल दरवाज्याला नेलं. तिथं पाहुणे सहसा उतरत नाहीत, गाडीतूनच ‘हं’ म्हणतात.

मनोरमाबाई उतरल्या. कमानीखाली उभ्या राहून त्यांनी मान इतकी मागे टाकली की पदर खांद्यावर आला. तो त्यांनी सावरला नाही.

“हा कुणी बांधला?”

“मलिक अंबरनं. मोगलांना पळवून लावलं, त्याची आठवण म्हणून. हे गावही त्यानंच वसवलं. तेव्हा याचं नाव खडकी. नुसता खडक होता इथं.”

“राजा होता का तो?”

“गुलाम होता. हबशी. लहानपणी बाजारात विकला, मग पुन्हा विकला, असं करत करत इथं येऊन पोचला आणि निजामशाहीचा वजीर झाला.”

“विकत घेतलेला माणूस,” त्या म्हणाल्या, “आणि त्यानं गाव आखलं?”

“रस्ते आखले, पुरे आखले. आणि सगळ्यात आधी पाण्याचं बघितलं. डोंगराच्या पोटातून नहरी खोदून, मातीच्या नळांतून घरोघर पाणी आणलं. दरबारातले लोक हसले म्हणे त्याला.”

“पाणी आधी, माणसं मागनं.” त्यांनी मान डोलावली. “शहाणा होता. आमच्यात आधी माणसं गोळा होतात आणि मग पाणी भरायला सून आणतात.”

मला हसू आलं. बघायला आलेल्या बाईच्या बोलण्यावर मला आजवर कधी हसू आलं नव्हतं.

पुढे त्या विचारत सुटल्या. नळ भाजलेल्या मातीचे, तर फुटत कसे नसत? पाणी चढावर कसं चढायचं? औरंगजेब आला तेव्हा हे गाव तसंच होतं की त्यानं बदललं? भिंत कुठपर्यंत होती? मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की नेहमीचं वाक्य मी एकदाही म्हटलं नाही. एका दरवाज्यापाशी तर आम्ही दोघी भिंतीच्या कडेनं काट्याकुट्यांतून पार मागे जाऊन आलो. शिरीष रिक्षावाल्याबरोबर चहा पीत थांबला. परत येताना त्यांनी माझा हात धरला होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, मुलगा कसा का असेना, ही सासू मला चालेल. असं वाटल्याचं मलाच नवल वाटलं. इतक्या वर्षांत मला काही हवंसंच वाटलं नव्हतं.

पाणचक्कीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. हौद भरलेला होता, उंच भिंतीवरून पाणी पडत होतं. शिरीष वडाच्या पाराला टेकला आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला. आम्ही हौदाच्या कडेला बसलो. या पाण्यावर जातं फिरायचं आणि फकीर-मुसाफिरांसाठी दळण व्हायचं, हे मी सांगितलं.

“छान गार वाटतं,” मनोरमाबाई पाय चोळत म्हणाल्या. “कोल्हापूरला रंकाळ्यावर असं नाही. तिथं वारा फार. नाशिकला गोदावरीचा घाट छान आहे, पण गर्दी. नदी बघावी तर मात्र पैठणला. तिथली मुलगी आम्हाला धरणावर घेऊन गेली होती.”

माझ्या धंद्यात मुरलेला प्रवासी ओळखता यावा लागतो. नवखे लोक नवी चप्पल घालून येतात आणि दुपारी लंगडतात. मुरलेले लोक झटकन काढता येणारी जुनी चप्पल घालतात, ऊन कुठून येईल ते बघून बसतात आणि एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करतात. मी मनोरमाबाईंच्या पायांकडे पाहिलं.

“काकू, एक विचारू? पैठणची मुलगी का नाकारलीत?”

“नाकात बोलायची.”

“आणि नाशिकची?”

“पत्रिका जुळली नाही.”

“कोल्हापूरची?”

त्या पाण्याकडे बघत राहिल्या. “कोल्हापूरची चांगली होती,” त्या म्हणाल्या. “फारच चांगली होती गं. तिला नाकारायला कारणच सापडेना. शेवटी दात पुढं आहेत म्हणून सांगितलं. नव्हते पुढं.”

“मग का?”

“ताकाला आले आणि भांडं लपवलं असं म्हणशील तू मला.”

“आधी सांगा, मग काय म्हणायचं ते म्हणते.”

मग त्यांनी सांगितलं, अगदी सरळ, भाजी कशी केली ते सांगावं तसं. लग्न होऊन साताऱ्याला आल्या तेव्हापासून नवऱ्यानं त्यांना दोनच ठिकाणी नेलं होतं, माहेरी आणि दवाखान्यात. घराच्या मागं अजिंक्यतारा उभा, तोही चढायला मिळाला नाही. ‘बायकांना काय करायचंय गडावर?’ शिरीषचं लग्न काढलं तेव्हा मात्र अप्पासाहेबांनी नियम केला, की मुलीचं घर आणि गाव डोळ्यांनी बघितल्याशिवाय मुलगी पसंत करायची नाही, आणि घरातलं बायकांनाच जास्त कळतं, तेव्हा बायकोनं बरोबर यायचं. पहिलं ठिकाण कऱ्हाडचं होतं.

“तिथं प्रीतिसंगम पाहिला,” मनोरमाबाई म्हणाल्या. “दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात. मी वेड्यासारखी बघत राहिले. ती मुलगी मला खरंच आवडली नव्हती. पुढचीही नव्हती. मग माझ्या ध्यानात आलं, की नाही म्हटलं की पुढचं गाव मिळतं.”

“आणि मी?”

“तुझं गाव मीच काढलं हुडकून. वेरूळ बघायचं होतं. उद्या मी ह्यांना म्हणणार होते, इतक्या लांब आलोय तर घृष्णेश्वराचं दर्शन घेऊ. देवाला ते नाही म्हणत नाहीत. आणि विजापूरची एक मुलगी सांगून आलीय. गोलघुमट आहे ना तिथं?”

मला राग यायला हवा होता. आला, पण दमलेल्या माणसाला येतो तसा, आवाज न चढवता. “काकू,” मी म्हणाले, “तुमचं फिरणं होतं, पण आमच्या घरी काय होतं ते ऐका. तुम्ही जाता. मग अण्णा रोज पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसतात. कार्ड येतं. ते कार्ड वाचून झालं की अण्णा त्या दिवशी जेवत नाहीत, आणि आई आतल्या आत मला बोल लावते, की तूच काहीतरी बोलली असशील. माझी बहीण अडून बसलीय. माझं होत नाही म्हणून तिचं होत नाही. पैठणच्या मुलीच्याही घरी असंच कुणी असेल. ती अजून, आपण नाकात बोलतो का म्हणून, स्वतःचंच बोलणं ऐकत बसत असेल.”

मनोरमाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग तोच पदर डोळ्यांना लावला. “मला हे कुणी सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी विचारलंही नाही म्हणा.”

परतीच्या वाटेवर त्या पुढे चालत होत्या. शिरीष माझ्याबरोबर मागे राहिला. वर्तमानपत्राची नीट घडी घालत म्हणाला, “झोपलो नव्हतो मी.”

“तुम्हाला माहीत आहे सगळं?”

“पहिल्यापासून. मला लग्नाची घाई नाही. आणि बाबांपुढं आईचं एवढं एकच चालतं. तेही बंद पाडू?”

“आणि आम्ही मुली?”

“तुमचा विचार केला नव्हता,” तो म्हणाला. “हे खरं आहे. चुकलं माझं.”

सारवासारव करणारे पुष्कळ पाहिले होते मी. चुकलं म्हणून सरळ सांगणारा हा पहिलाच. अगदी नको त्या वेळी तो मला बरा वाटला.

घरी अप्पासाहेब झोपून ताजेतवाने होऊन बसले होते. अण्णा त्यांच्यासमोर अवघडून बसलेले. आई चहा घेऊन आली. रीत अशी, की इथं कुणी काही बोलायचं नाही, घरी जाऊन कळवायचं. पण मनोरमाबाईंनी चहाला हातही लावला नाही.

“मला मुलगी पसंत आहे,” त्या म्हणाल्या.

अप्पासाहेबांचा कप तोंडापाशीच थांबला. “तुला? पसंत?”

“हो.”

“बघ हं. मागाहून खोड काढायची नाही.”

“नाही काढत.”

अण्णा उठून उभे राहिले आणि मग का उठलो ते न कळून परत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आई मागे सरकली तशी दारामागे रोहिणी तिला घट्ट मिठी मारताना मला दिसली. साखर आणायला आई आत पळाली. मला माझं ठरवलेलं आठवलं. काही बोलायचं नाही, कसंही असो.

“छान,” अप्पासाहेब म्हणाले. “हिला पसंत पडली म्हणजे देवच पावला म्हणायचा. आता आमच्या चालीरीती सांगून ठेवतो, मागाहून कुरबुर नको. नोकरी सोडावी लागेल. आमच्यात बायका घराबाहेर हिंडत नाहीत. माहेरी सणाला पाठवू, बाळंतपणाला पाठवू. खाऊनपिऊन सुखी घर आहे, बाहेर हिंडायची गरजच पडत नाही. विचारा हिला.”

मनोरमाबाई चहावरची साय बघत होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “उद्या घृष्णेश्वराला जायचं म्हणत होते मी. जवळच आहे.”

“आता कशाला? काम झालं ना. सकाळच्या गाडीनं निघू.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

बाकी काही नाही, नुसतं ‘बरं’. पण दुपारभर मला प्रश्न विचारणारी बाई त्या एका शब्दात कुठल्या कुठे गेली. डोक्यावरचा पदर त्यांनी पुढे ओढून घेतला, दुपारी खांद्यावर पडला होता तोच. तो होकार त्यांनी माझ्यासाठी दिला होता, माझ्या अण्णांच्या जेवणासाठी. आणि त्या होकारानं आम्ही दोघीही त्या सुखी घरात जन्माच्या बसणार होतो, एकमेकींकडे बघत. दुपारी त्या दरवाज्यापाशी मला जी हवीशी वाटली होती ती बाई त्या घरात मला कधी भेटणारच नव्हती.

“मला पसंत नाही,” मी म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. आई साखरेची वाटी घेऊन दारातच थांबली.

“काय पसंत नाही?” अप्पासाहेबांनी विचारलं. कोर्टातला आवाज आता पुरता लागला होता.

“मुलगा.”

“कारण?”

कारण तर द्यायला हवं होतं, आणि माझ्यापाशी सांगता येण्यासारखं एकही नव्हतं. “दात पुढं आहेत,” मी म्हणाले.

शिरीषचे दात मोत्यासारखे सरळ होते. त्यानं चटकन रुमाल तोंडाला लावला. अप्पासाहेबांना वाटलं, पोराचा अपमान झाला. पण त्याचे खांदे हलत होते ते मला दिसत होतं.

“मुलगी नकार देते,” अप्पासाहेब अण्णांना म्हणाले. “आमच्या सात पिढ्यांत असं झालं नाही. ऊठ गं. शिरीष, चल. पाहुणचार पुरे झाला. विजापूरकरांना उद्याच कळवतो, येतोय म्हणून. त्यांच्याकडं तरी रीत असेल.”

मनोरमाबाई उठल्या. आईनं कोयरी पुढे केली आणि कुंकू लावलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारात त्या चप्पल घालायला वाकल्या, मीही वाकले, आणि त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “विजापूरच्या पोरीला मी आधीच खरं काय ते सांगेन. तुझी शपथ.” मग नवऱ्यामागून रस्त्याला लागल्या.

रोहिणी आत जाऊन पडली, तिच्याकडे जायचं माझं धाडस झालं नाही. आई साखर डब्यात परत ओतत होती. अण्णा ओट्यावर जाऊन बसले होते, म्हणून मीही तिथं जाऊन बसले. मला बोलून घ्या म्हणावं, निदान तेवढं तरी त्यांच्या हक्काचं होतं.

“मुलगा वाईट नव्हता,” अण्णा म्हणाले.

“नव्हता.”

“त्याची आईही चांगली वाटली.”

“फार चांगली.”

“मग का गं?”

मनोरमाबाईंचं गुपित सांगणं मला शक्य नव्हतं. अण्णा ते चार लोकांत बोलले नसते, पण त्यांना मनात ठेवताही आलं नसतं. म्हणून त्यातलं माझ्या वाटणीचं जेवढं खरं होतं तेवढंच मी सांगितलं. “दमले मी अण्णा. मला आता कुणी बघायला यायला नको.”

मला वाटलं होतं, ते चिडतील, नाहीतर रडतील. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला.

“मीसुद्धा दमलोय गं,” अण्णा म्हणाले. “पोहे तूच केलेस म्हणून सांगून सांगून.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अण्णा जालन्याला गेले. रोहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, थोरली लग्न करणार नाही, धाकटीचं तेवढं करून घ्या. सासरे म्हणाले, बरं. एवढंच झालं. इतकी वर्षं कुणी जाऊन विचारलं नव्हतं.